आतून कडी

११ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारी सकाळी पाहुण्यांची बॅग उचलून मी फाटकाबाहेर नेऊन ठेवली. लाल, चाकांची, गच्च भरलेली. देवघरासमोर आडवी पडली होती. आधी बाजूला सरकवायला गेलो, तर बाजूला त्यांचीच दुसरी बॅग. मग उचललीच. बैठक, ओटा, फाटक. कोणाशी बोललो नाही. परत येऊन दिवा लावला, आसनावर बसलो. जप झाला नाही.

बॅग सुनंदाच्या मामेभावाची. अमरावतीहून महाकालच्या भस्मारतीला आलेले, चौघं. शेजारच्या शर्माजींनी ती आत आणून दिली. "भाईसाब, ये टहलने निकली थी क्या?" सगळे हसले. मामेभाऊ म्हणाला, "भाऊजी, आमची गाडी संध्याकाळची आहे हो!" पुन्हा हसले. सु. हसली नाही. तेव्हापासून बोलत नाहीये. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही.

मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. म्हणून ही वही काढली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नवे पाहुणे. या वेळी माझ्या गावाकडचे, म्हणजे मला तोंड उघडायची सोय नाही. आल्या आल्या ते वाक्य: "तुमचं काय बुवा, रोज दर्शन!" रोज दर्शन कसलं. रोज स्टेशन. याला आण, त्याला सोड, भस्मारतीचं बुकिंग बघ, सोवळ्याचं धोतर दे, "तिथे तुमची कोणी ओळख असेलच ना?" बाहेरच्यांना वाटतं उज्जैनला राहणारा माणूस देवाच्या शेजारी राहतो. तो पाहुण्यांच्या शेजारी राहतो.

आज अंघोळ करताना दार उघडलं. डोळ्यांत साबण. पाहुण्यांतल्या काकूंचा आवाज, "अगं बाई!" आणि दार बंद. चूक त्यांची नाही. मी खोकलो नव्हतो.

रागात आहे तर एकदा सगळंच लिहून टाकतो. आमच्या घरात एकाही दाराला आतून कडी नाही. बाथरूमलाही. जो आत असेल त्यानं खोकायचं, बाहेरच्यानं ऐकायचं, हा नियम. देवाचं नाव तिथे घ्यायचं नाही म्हणून मी खोकतो. पाहुण्यांतले काही गाणी म्हणतात. सु. लग्नाआधी माधव नगरलाच राहायची, इथून दोन गल्ल्या सोडून. तिचे वडील अंघोळीला गेले, आतून कडी लावली, आणि बाहेर आले नाहीत. ती घरात एकटी. दाराला कान लावून हाका मारत होती. तिचा भाऊ अनिल आला, पहारीनं दार फोडलं, तोवर संपलं होतं. आतून काही आवाज येत होता का, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. या घरात आलो तेव्हा तिनं पहिलं काम केलं ते सगळ्या कड्या काढायचं. स्क्रूच्या भोकांत लांबी भरून वर रंग दिला. उजेड तिरपा पडला की ती भोकं अजून दिसतात.

तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं. अजूनही वाटतं. आणि रागही येतो. दोन्ही एकाच वेळी.

१६ नोव्हेंबर, रविवार

आमच्या शेतजमिनीवर जाऊन आलो. चिंतामण मंदिराच्या पुढे, रेल्वेचे रूळ ओलांडले की आमचा तुकडा. एक कडुनिंब, एक विहीर, बाकी गहू. तो रामचरण पेरतो. निंबाखाली बसलो. मोर ओरडत होते, पण मोर ओरडून "चहा घेणार का" असं विचारत नाहीत.

ठरवलं. इथे एक लाकडी खोली. एका माणसाची. बसायची, झोपायची नाही.

गावच्या शाळेला दार नव्हतं. नुसती चौकट. प्रार्थना झाली की मास्तर सगळ्यांना डोळे मिटून बसवायचे. म्हणायचे, डोळे मिटले की दार लागलं. तेव्हा लागायचं. बाहेर गुरं, बैलगाड्या, कोणाचं तरी भांडण, काही ऐकू यायचं नाही. आता डोळे मिटले की उलट सगळं जास्त ऐकू येतं. मास्तरांकडे पाहुणे येत नसत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नकाशा काढतोय. घरी, हातानं, पेन्सिलीनं. ऑफिसात आता सगळं कॉम्प्युटरवर, आणि सगळं हिंदीत. पदाचं नावसुद्धा 'मानचित्रकार'. आयुष्यभर घाट काढले, कालवे काढले, पंपघरं काढली. एकाचाही उपयोग स्वतःला नाही.

हा नकाशा मराठीत लिहितोय. जोतं, उंबरा, वासे, कौलं. शब्द लिहितानाच बरं वाटतं. गावी घर शाकारताना बापाच्या तोंडी असायचे तेच.

आठ बाय सहा. जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, म्हणून खोली जमिनीवर टेकवायची नाही. दगडी खुंट, त्यावर लाकडी सांगाडा. वाळवीलाही ते बरं. दार पूर्वेला. खिडकी एकच, उत्तरेला, आणि खाली: बसलेल्या माणसाला गहू दिसेल, उभ्या माणसाला फक्त भिंत. उभं राहणाऱ्यानं बघायचंच कशाला. आत फळी नाही, खुंटी नाही. खुंटी दिसली की कोणीतरी पिशवी अडकवतं.

आणि दाराला कडी. बाण काढून लिहिलं: कडी १, जाड, आतून.

लिहून खोडलं. पुन्हा लिहिलं. सगळी खोली त्या एका ओळीसाठी आहे, हे लपवून काय उपयोग. भिंती नुसत्या त्या कडीला आधार म्हणून.

२३ नोव्हेंबर, रविवार

सु.ला सांगितलं. नकाशा दाखवला नाही, तोंडी सांगितलं. ध्यानासाठी लाकडाची खोली, शेतावर.

"घरात एक ध्यान आहेच," ती म्हणाली. "त्याला आता वेगळं घर कशाला?"

बोलली हेच खूप. दोन आठवड्यांनी पहिलं वाक्य आणि तेही टोमणा.

दुपारी अनिल आला. त्याचं फ्रीगंजला लॉज आहे, म्हणून खोल्यांमधलं सगळं त्याला कळतं. "भाऊजी, संडास-बाथरूम अटॅच करा. काचेची भिंत घ्या. एसीचा पॉइंट तरी काढून ठेवा, वीज नंतर आणू." मी म्हटलं, एसी लावून ध्यान? "अहो, ध्यान लागेल तरी!" मग एकदम हिंदीत, लॉजवर गिऱ्हाइकाशी बोलतो तसं: "जीजाजी, सिंहस्थ आ रहा है. ऐसे दस बना दो, दुनिया टूट पड़ेगी." मी उठून पाणी प्यायला गेलो. आत सु. हळूच विचारते, "एकटेच बसणार तिथे?" हो म्हटलं. "साप असतात." असू देत म्हटलं. तिला वेगळं काहीतरी विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

मिस्त्री ठरला. बाबूलाल. काम बरं करतो असं ऐकलं, बोलतो त्याहून जास्त. आल्या आल्या निंबाला हात लावून, "पेड़ अच्छा है, काट दें?" नाही म्हटलं. "अच्छा, छाया के लिए. ठीक, ठीक."

नकाशा समोर पसरला. मी मुद्दाम म्हटलं, जो शब्द कळणार नाही तो विचार.

"वासे मतलब? बाँस?"

बाँस नव्हे. कौलांखालची लाकडं. समजावलं.

"आतून?"

"अंदर से."

"हौ."

उंबरा विचारला, जोतं विचारलं. बोट ठेवून ठेवून सगळा कागद वाचला. मला बरं वाटलं. इतक्या बारकाईनं माझा नकाशा ऑफिसात कोणी वाचत नाही.

७ डिसेंबर, रविवार

सुट्ट्या रद्द. सिंहस्थाच्या घाटांची मोजमापं, सगळ्यांना साइटवर. आजही दिवसभर क्षिप्रेच्या काठावर टेप धरून उभा. साहेब गाडीतून उतरले नाहीत, काच खाली करून विचारलं, "हो गया?" घाट दोन वर्षांनी लागणार आहेत, हे आत्ताच गाडीत बसून विचारतात.

शेतावर जाता आलं नाही. बाबूलाल फोनवर: "बाऊजी, आप तो बेफिकर रहो." हे वाक्य ऐकलं की मला फिकीर लागते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा नाही जमलं. सांगाडा उभा राहिला म्हणतो. लाकूड जुन्या घराचं मिळालं, सागवान. फोटो पाठवला, त्यात त्याचा स्वतःचा अंगठाच जास्त दिसतो.

घरी नाताळच्या सुट्टीवाले यायला लागले. हॉलमध्ये चालायला जागा नाही. आज सकाळी आसनावर कोणाचा तरी चार्जर. मी तो काढून... नाही, काही केलं नाही. शेजारी ठेवला. हेही लिहून ठेवावं, की काही केलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी शेतावर गेलो. सु. आपण होऊन आली, डबा घेऊन. खोली पुरी झाली होती. निंबाखाली लहानशी, खुंटांवर उभी, तेलपाणी दिलेली. मी खाली वाकून दगडी खुंट तपासत होतो, वाळवीसाठी बसवलेले पत्रे बघत होतो, सु. पायरी चढून आत गेली. बराच वेळ आत. मी म्हटलं, बघत असेल.

बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले. पायरीवर बसली. म्हणाली, "कडी नाही ठेवलीत."

मला कळेना.

"मी हात फिरवून पाहिलं. भोकंसुद्धा नाहीत. मला वाटलं होतं, तुम्हाला ती हवीच असणार. रागवता ना तुम्ही, पाहुणे आले की. मी विचारणार होते त्या दिवशी. धीर नाही झाला." मग पदरानं नाक पुसलं. "तुम्ही बोलत नाही, पण लक्षात ठेवता."

मी दाराकडे पाहिलं. खरंच कडी नाही. 'हूं' म्हटलं. एवढंच. 'हूं'.

ती विहिरीवर हात धुवायला गेली तेव्हा बाबूलालला धरलं. "कडी कहाँ है?"

तो हसला. आत नेलं. दारातून आत पाऊल टाकलं की डोक्याशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक आडवं लाकूड. मांडीएवढं जाड. "ये क्या टँगी है, बाऊजी! ऐसी कड़ी आजकल मिलती नहीं."

"दरवाज़े की कडी बोल रहा हूँ मैं!"

"दरवाज़े की तो कुंदी होती है. साँकल बोलो, चिटकनी बोलो. कड़ी तो छत की होती है." मग घडी घातलेला माझाच नकाशा काढला. "लिखा आपने है. कडी एक. जाड. वो तो अपनी मालवी में भी जाड़ी ही बोलते हैं, मोटी को. और आतून, अंदर से. आपने ही बताया."

तिच्या कानावर जाईल म्हणून मला ओरडताही येईना. दात दाबून बोलत होतो. "और कुंदी? बिना कुंदी का दरवाज़ा होता है कहीं?"

"मैं समझा ध्यान की जगह है, कौन चोरी करेगा. चटाई?"

जो शब्द त्याला कळला नाही तो त्यानं विचारला. जो कळला तो विचारला नाही. आणि हिंदीतली कड़ी म्हणजे तुळई, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच. ऑफिसात लिहिताना मी असा चुकलोच नसतो. घरचा म्हणून मराठीत लिहिला, हौसेनं.

परत येताना स्कूटरवर सु.नं खांद्यावर हात ठेवला. कित्येक वर्षांनी. मला तो हात झटकून टाकावासा वाटला, इतका राग. तिचा नाही. कोणाचा ते सांगता येत नाही.

१ जानेवारी, गुरुवार

सु. फोनवर सगळ्यांना सांगते आहे. मामेभावाला, मावशीला, ग्वाल्हेरला, नागपूरला. "हो ना, आतून कडीच नाही ठेवली. माझ्यासाठी." मी खोलीत गेलो की आवाज हळू करते, आणखी वाईट.

अनिल आला, मिठी मारली. "भाऊजी, मान गए." आडव्या लाकडाबद्दलही त्याला काहीतरी सापडलं आहे: आत जाताना वाकावं लागतं, म्हणजे अहंकार बाहेर ठेवायचा. "क्या सोचा है आपने!" मी काहीही सोचलेलं नाही. माझ्या चुकीला सगळे नमस्कार करत आहेत.

४ जानेवारी, रविवार

पहिल्यांदा बसलो. वाऱ्यानं दार उघडलं. उठून लावलं. उघडलं. दगड लावला. दगड सरकवून रामचरण आत: "बाऊजी, सो रहे हो क्या?" नाही म्हटलं. "तो बीमार?" नाही. मग उकिडवा बसून गव्हावरच्या रोगाबद्दल बोलला. तो गेल्यावर शेळी.

खिडकी मात्र बरोबर जमली. बसलं की नुसता गहू.

७ जानेवारी, बुधवार

फ्रीगंजला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराला "कुंदी" म्हटलं. आता बरोबर शब्द येतो. पितळी, लहान, छान. कागदात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवली. स्पीडब्रेकर आला की वाजते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सु.नं तिळगूळ दिला, "गोड बोला" म्हणाली. मग हसून, "निदान बोला."

आज सांगावं असं होतं. तिळगूळ तोंडात, बोललो नाही. काय सांगणार? तुझ्यासाठी नव्हतं? ती किती दिवसांनी स्वयंपाकघरात गुणगुणते आहे. खोट्यावर गुणगुणते आहे, आणि ते खोटं मी बोललेलोसुद्धा नाही. एक 'हूं' तेवढा.

कडी डिकीतच.

२५ जानेवारी, रविवार

गुपचूप लावून टाकायचं ठरवून गेलो. स्क्रू, पेचकस, सगळं नेलं. पहिला स्क्रू दाराला टेकवला आणि हात थांबला. ती पुढच्या वेळी आली की पहिल्यांदा तिथेच हात फिरवणार. मला दिसत होता तिचा हात.

परत आणली. रागात वाटेतल्या एका ऑटोवाल्याशी भांडलो. तो म्हणाला, "काका, महाकाल की नगरी है, शांत रहो." त्यानं शांत राहायला सांगितलं, हे सगळ्यात जास्त लागलं.

८ फेब्रुवारी, रविवार

शिवरात्र आली. घर भरायला सुरुवात. सु.ची मावशी ग्वाल्हेरहून, तिच्या दोन सुना, आणखी कोण कोण. मावशी सत्तरीच्या, भारदस्त, बोलायला फटकळ. मला पाहून: "काय रे, ऐकलं तू वनवासात जातोस! सीतेला नाही नेत?" सगळ्या बायका हसल्या. सु. लाजली. लाजावं असं त्यात काय होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपास. पहाटेच निघालो, मंदिराकडच्या गर्दीच्या उलट दिशेनं. आज तरी बसायचंच.

लागलं. खरंच लागलं. किती वेळ, माहीत नाही. गहू नव्हता, मी नव्हतो, राग नव्हता. शाळेत लागायचं तसं.

मग दार.

"इथे बसतात बघा भाऊजी. हळू, हळू, वाका." अनिल. मागे मावशी, सुना, लॉजवरची दोन गिऱ्हाइकं, कोणाचा तरी मोबाइल माझ्या तोंडासमोर. "काका, हलू नका, व्हिडिओ चालू आहे." आणि सु. सगळ्यांच्या मागे, पायरीवर, चेहरा असा फुललेला. ती सगळ्यांना दाखवायला घेऊन आली होती. मला नाही, कडी नसलेलं दार.

"बाहेर!" मी ओरडलो. "बाहेर व्हा सगळे! निघा!"

जी खोली बोलायचं नाही म्हणून बांधली, त्या खोलीत मी पहिल्यांदा ओरडलो ते हे. गहू राखणारा रामचरणसुद्धा धावत आला.

मावशी घाबरून मागे वळल्या आणि कपाळ त्या आडव्या लाकडावर आपटलं. मोठा आवाज. टेंगूळ आलं. विहिरीचं पाणी, रुमाल, धावपळ. मावशीच म्हणाल्या, "असू दे, असू दे. शिवरात्रीला डोकं टेकलं म्हणायचं." कोणी हसलं नाही. सु.कडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

मी मावशींच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "अरे, तुला कडी हवी होती," म्हणाल्या. हळू, फक्त मला ऐकू येईल असं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मावशी गेल्या. सु. पुन्हा बोलत नाही. पण ते मौन नोव्हेंबरसारखं नाही. तेव्हा रागावली होती. आता विचार करते आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पोळ्या करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, सांगायचं आहे.

"सांगा."

सांगितलं. मी नकाशात कडी लिहिली होती. जाड, आतून. मिस्त्रीला कड़ी वाटली, छताची. मावशींना लागली ती तीच. तुझ्यासाठी काढली नव्हती. मी तर आधी लिहून खोडली आणि मग पुन्हा लिहिली होती.

तव्यावरची पोळी तशीच राहिली. जळायला लागली. मी गॅस बंद केला.

"म्हणजे मिस्त्रीनं ठेवली नाही."

"हो."

"तुम्ही नाही."

"नाही."

"मग बाबूलालला शाल-नारळ द्यायला हवा," ती म्हणाली. "साडी-चोळी त्यानं मला करायची की मी त्याला धोतर?" आणि हसली, ते हसू ऐकवेना. मग लाटणं ठेवून: "सगळ्यांना सांगत सुटले मी. दोन महिने. ऐकत होतात तुम्ही आणि एक शब्द बोलला नाहीत. अहो, कडी तर तुमच्या तोंडालाच आहे. आतून."

माझाही आवाज चढला. घरात एक दार माझं नाही, म्हटलं. अंघोळीला खोकत जातो, देवासमोर लोकांचे चार्जर, आयुष्य गेलं खोकण्यात. ते खरंच आहे. बोललो ते सगळं खरं होतं. ती ऐकत राहिली.

मग म्हणाली, "ते हाका मारत होते."

कोण, म्हणणार होतो. कळलं.

"आतून. माझं नाव घेऊन. मग नाही." पीठ लागलेले हात तसेच. "म्हणून. बाकी काही नाही."

मी खाली बसलो, तिथेच, फरशीवर. जळकी पोळी तिनं बाजूला काढली आणि नवीन लाटायला घेतली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काही दिवस वाटलं, कडी परत करून यावं. पितळी आहे, घेईल परत. मग वाटलं, परत केली तर पुन्हा तेच: तिला वाटेल तिच्यासाठी, आणि माझ्या पोटात राग. मोठेपणा घ्यायचा आणि दात खायचे. दोन महिने तेच केलं.

तिला विचारलं. सरळ. लावू?

"मला विचारून लावणार?"

हो म्हटलं.

"मी नाही म्हणणार नाही. हो पण म्हणणार नाही." थोड्या वेळानं: "लावाल तेव्हा मला नेत जा. माझ्यामागे नको."

१ मार्च, रविवार

गहू पिवळा झाला. हे आत बसून लिहितो आहे. वही आत आणायची नव्हती. आणली.

सकाळी दोघं आलो. डिकीतून कडी काढली. कागद फाटून गेला होता. सु.नं हातात घेऊन पाहिली, उघडमीट केली. "बारकी आहे," म्हणाली. "मला वाटलं मोठी असेल." दार मी धरलं तर स्क्रू लागेना, म्हणून दार तिनं धरलं. सागवान कडक, स्क्रू मध्ये अडकला, मी चिडून शिवी हासडली. "ध्यानाला सुरुवात झाली," ती म्हणाली.

शेवटचा स्क्रू बसला. ती पायरी उतरली. मी वाकून आत आलो. दार लावलं. कडी सरकवली. लहानसा आवाज, पण तिच्यापर्यंत गेला असणार.

डोळे मिटले. लागलं नाही. उघडले. खिडकीतून नुसता गहू. ती खिडकीतून दिसत नाही. खिडकी उत्तरेला, पायरी पूर्वेला, मीच तशी काढली. गेली असेल वाटलं, स्कूटरपाशी, नाही तर निंबाखाली. पण चपलांचा आवाज आला नाही. पायरी करकरली. म्हणजे बसली आहे.

रामचरणनं लांबून काहीतरी विचारलं. तिनं त्याला गप्प राहायला सांगितलं.

राग आहे का, पाहिलं. आहे. थोडा. मांडी घालून माझ्याशेजारीच बसला आहे.

आत्ता ती खोकली.

पुन्हा.

आमच्या घरात जो आत असतो तो खोकतो. ती बाहेर आहे आणि खोकते आहे. कडी लागलेली आहे.